ओठांवर बसलं का

२१ डिसेंबर

मिठू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते उभ्या उभ्याच फोडलं असशील, म्हणून आधीच सांगते. कुणी गेलेलं नाही आणि कुणी आजारी नाही. आई आहे तशी आहे, मीही आहे तशीच आहे.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू इतकं गोड बोलतेस की मला जे म्हणायचं असतं ते राहूनच जातं. तुझ्या वाढदिवसाला मी चांगलं भांडायचं ठरवून फोन लावला होता, आणि शेवटी तुझ्याकडून केस गळण्यावरच्या तेलाचं नाव लिहून घेऊन ठेवून दिला. तू परदेशी सिनेमातल्या बायांना आपल्या भाषेत बोलतं करणारी, मी चष्म्याच्या दुकानात फ्रेमचे स्क्रू आवळणारी. तुझ्यापुढे माझा काय टिकाव लागणार. कागदावर तरी तुला मध्ये बोलता येणार नाही.

काम असं आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मला आठ-दहा दिवस बाहेरगावी जावं लागेल. आमच्या मालकांनी डोळ्यांचा नंबर काढायचं नवीन मशीन घेतलंय, त्याचं प्रशिक्षण आहे. तेवढे दिवस आईजवळ कुणीतरी हवं. तू येऊन राहशील का?

तिच्या डोळ्यांचं तुला नीट सांगितलेलं नाही. काचबिंदू. उजवा डोळा गेलाच. डाव्याने उजेड कळतो, आणि समोर माणूस आहे की कपाट, एवढं कळतं, तेही माणूस हलला तर. तिने हे बरेच महिने कुणाला कळू दिलं नाही. शेजारच्या काकूंकडून पेपर मागून आणायची, चष्मा लावून उघडून बसायची, ठरावीक वेळाने पान उलटायची. मी दिवसभर दुकानात लोकांना ‘आता खालची ओळ वाचा’ म्हणणारी, आणि घरात माझा विश्वास बसला होता. मग एक दिवस पेपर उलटा होता. मी आधी हसले, मिठू. खरंच हसले. मग बाथरूममध्ये जाऊन बसले.

आता तिला आंघोळ, जेवण, औषधं, कपड्यांची बटणं, सगळं हाताशी द्यावं लागतं. दिवसा काकू येऊन-जाऊन असतात, त्यांच्या जिवावर मी दुकान करते. फार अवघड नाही. तिला चहा ठेवताना कप आणि बशीचा आवाज करायचा म्हणजे तिला कळतं कुठे ठेवला. बाकी तुला येईलच.

नाताळात दुकान बंद आहे. मालक लेकीकडे जाणार. आमचा बेत म्हणशील तर काही नाही, घरी बसून सिनेमे बघणार. म्हणजे मी बघणार आणि ती ऐकणार.

कळव. नाही म्हणायचं असेल तर तसं कळव, मी दुसरं काहीतरी बघेन.

ताई


२३ डिसेंबर

मिठू,

काल पोस्टात गेले होते. पार्सलं पाठवणाऱ्यांची रांग दाराबाहेर आली होती. थोडा वेळ उभी राहिले, मग पाठ भरून आली आणि परत फिरले. आता नाताळ उरकून गर्दी ओसरली की बघेन. पाकीट टेबलावर उघडं पडलंय आणि आई झोपलीय, म्हणून आणखी चार ओळी.

आमच्या सिनेमांचं सांगते. दुपारी दोन-तीन तास दुकान बंद असतं, तेव्हा जेवणं झाली की मी टीव्ही लावते. आई म्हणते, ‘पडदा ओढ गं, सिनेमा आहे.’ तिला काय फरक पडतो, पण मी ओढते. मग रिमोट घेऊन बसायचं. एखादा सिनेमा लावायचा, भाषा बदलून आपली करायची, मिनिटभर ऐकायचं. नायिका दोन वाक्यं बोलते न बोलते तोच आई म्हणते, ‘हा नको. पुढचा बघ.’ का नको ते सांगत नाही. मीही विचारत नाही. असे चार-पाच झाले की कुठल्यातरी सिनेमात कुणीतरी बाई तोंड उघडते, आणि आई पाय वर घेऊन शाल ओढून बसते.

‘हा चालेल,’ म्हणते. ‘कोण आहे गं बोलणारी? बरी बोलते.’

‘कोण जाणे,’ मी म्हणते. ‘त्यांची नावं कुठे देतात.’

‘हो ना. द्यायला हवीत.’

इतकं खोटं आम्ही दोघी एकमेकींशी जन्मात बोललो नव्हतो. आणि हे उन्हाळ्यापासून चाललंय. तुझा विषय या घरात निघत नाही, पण दिवसाआड तू आमच्या बाहेरच्या खोलीत असतेस. पोलीस झालीस, महाराणी झालीस, दोनदा मेलीस, एकदा पेटलेलं विमान खाली उतरवलंस. विमानाच्या वेळी आईने माझं मनगट इतकं आवळलं होतं की वळ उठला.

काल कार्टून लागलं. त्यात एक म्हातारी खार आहे. आवाज इतका चिरका की मला काही कळलं नाही, मी पुढे जाणार होते. आई म्हणाली, ‘राहू दे.’ खार अक्रोडांवरून सगळ्या झाडाशी भांडत होती. आई हसायला लागली ती थांबेना. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तू त्या खारीला वरच्या मजल्यावरच्या मावशींचा आवाज दिलायस! नळाला पाणी नसलं की जिन्यात उभ्या राहून ओरडायच्या, त्या. लहानपणी त्यांची नक्कल करून तूच त्यांना तीन मजले खाली पळवलं होतंस. मिठू हे नाव तुला उगीच नाही पडलं.

बाकीच्या आवाजांची मात्र धडगत नसते. शाळेत जन्मभर नाटकं बसवलेल्या बाईला निवृत्ती कसली. ‘हा मनुष्य तोंडात बटाटा धरून बोलतोय.’ ‘हिला श्वास कुठे घ्यायचा ते कुणी सांगितलं नाही का?’ आणि सगळ्यात मोठी शिवी, ‘हिने वाक्य फार घोळवलंय, मेलं ते.’ आठवतं ना, आपल्या तालमींत सारखं तेच असायचं. फार घोळवू नका गं, वाक्य मरतं. तुझ्याबद्दल यातलं एकही अक्षर तिने काढलेलं नाही. हेच सांगायला आज बसले होते.

तू म्हणशील, आता काय उपयोग. खरंय. तू रंगमंचावर उभी राहावीस म्हणून तिने तुझ्यावर जीव टाकला, आणि तू गेलीस आवाज द्यायला. ‘स्वतःचं तोंड असताना दुसऱ्याच्या तोंडात का बोलायचं?’ हे तिचं एकच पालुपद. तू एकदा जेवताना किती हौसेने सांगत होतीस, वाक्य त्या बाईच्या ओठांवर बसावं लागतं, नाही बसलं तर पुन्हा म्हणावं लागतं. तर म्हणाली, ‘बसायला ते काय माशी आहे?’ बाबांना ठसका लागला होता हसून. तू उठून गेलीस.

पण ते चाललं असतं. घराघरांत चालतं. जे चाललं नाही ते बाबा गेले त्या दिवशीचं. तुझं रेकॉर्डिंग अडकलं, तू पोचेपर्यंत त्यांना नेलं होतं. तू दारातच खाली बसलीस आणि रडायला लागलीस. आणि सगळ्या माणसांसमोर ती म्हणाली, ‘रड बाई. तुझं तर कामच ते.’

मी बाबांचा चष्मा हातात घेऊन तिथेच उभी होते. तू तोंड मिटलंस. पदराने डोळे पुसलेस, आलेल्यांना खुर्च्या दिल्यास, पाणी दिलंस, आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. तेव्हापासून या घरात तुझं पाऊल नाही. मी तुला दोष देत नाही. तिलाही देऊन बघितला. पण माणसाला रोज आंघोळ घालायची असली की दोष फार दिवस टिकत नाही.

ती उठली वाटतं. काठी चाचपडतेय.

ताई


२४ डिसेंबर

मिठू,

आज माझ्या हातून घोटाळा झाला.

सकाळपासून मला गळून गेल्यासारखं होत होतं. काकूंनी घरी केलेला केक आणून दिला, त्यांच्या नातवाने आमच्या खिडकीला कागदाचा तारा लावला. आईला दिसत नाही म्हणून त्याने तो तिच्या हाताला लावून दाखवला, तिने त्याची टोकं मोजून एक कमी आहे असं सांगितलं, आणि पोर बिचारं कात्री आणायला पळालं. ही बाई देवालासुद्धा पुन्हा प्रवेश करायला लावेल.

दुपारी सिनेमा मिळाला. दीपगृह सांभाळणारी एक बाई, नवरा समुद्रावर गेलेला, बाकी नुसता वारा. बोलणं कमी, त्यामुळे मलाच सांगत बसावं लागत होतं. ‘आता जिना चढतेय. आता काच पुसतेय. आता नुसती उभी आहे.’ माझे डोळे मिटत होते. गोळ्यांनी पेंग येते. आणि आईने विचारलं,

‘दिसायला कशी आहे गं?’

‘उंच आहे,’ मी म्हटलं. ‘हडकुळी. केस मागे घट्ट बांधलेत. डाव्या भुवईवर खूण आहे, कपाटाचं दार लागलेली.’

बोलून गेले आणि खाडकन जागी झाले. पडद्यावर गुबगुबीत, लाल केसांची एक बाई शेगडीवर किटली ठेवत होती.

सिनेमात वारा चालू होता. मी म्हटलं, आता फुटणार. इतके महिने दोघींनी मिळून जपलेलं भांडं मी एका डुलकीत फोडलं.

‘ती खूण अजून दिसते का?’ तिने विचारलं.

‘दिसते,’ मी म्हटलं.

मला काय माहीत दिसते की नाही. मी तरी तुला कुठे बघितलंय. पण ‘दिसते’ म्हटल्यावर तिने मान हलवली, चष्मा काढला, पदराला पुसला आणि परत लावला. मीच बनवून दिलेला चष्मा. त्यातून काही दिसत नाही, तरी रोज पुसते.

मग म्हणाली, ‘आता तू सांग. खुर्चीवरून उठताना टेबलाला का धरतेस?’

‘मी कुठे धरते?’

‘मी आंधळी झालेय, बहिरी नाही. टेबल करकरतं. आणि गोळ्यांची पट्टी फोडताना नळ सोडतेस. नळ सोडला की म्हातारीला ऐकू येत नाही, असं कुणी सांगितलं तुला?’

मग सांगितलं. आणि तिला सांगितलं तर तुला का नाही, म्हणून लिहिते. पहिल्या पत्रातलं मशीन आणि प्रशिक्षण खोटं आहे. मशीन आहे, ते मला चांगलं चालवता येतं. मला गर्भाशय काढून टाकायचं आहे. गाठ आहे. मोठी झालीय, रक्त फार जातं, म्हणून पाठ, म्हणून गोळ्या आणि म्हणून ती पेंग. काढल्यावर तपासायला पाठवतील. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, म्हणाल्या, ‘काळजीचं काही नसावं.’ घरी येईपर्यंत बसमध्ये मी त्या ‘नसावं’चाच विचार करत होते. नंतर दीड महिना वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. आईला आंघोळ घालणं म्हणजे वाकणंच असतं.

मला भीती वाटते, मिठू. गाठीची वाटते, आणि त्याहून जास्त याची वाटते की मी आडवी झाले तर हे घर कशावर उभं राहील. मी दमलेय. झोपून जाणारं दमणं नाही हे. सुट्टी लागली तेव्हा वाटलं होतं जरा बरं वाटेल, तर सुट्टीत ते जास्तच जाणवतंय.

पहिलं पत्र फाडून नवीन लिहावं असं मनात आलं. पण राहू देते. थोरली बहीण म्हणून तुझ्यापुढे ताठ उभं राहायची सवय आहे, ती कशी मोडतेय ते तुला बघायला मिळू दे.

आईने सगळं ऐकलं. बराच वेळ माझा हात हातात धरून बसली होती. शेवटी एवढंच विचारलं, ‘तिकडे तुझ्याजवळ कोण बसणार?’

‘काकू बसतील,’ मी म्हटलं.

‘काकू माझ्याजवळ बसणार. तुझ्याजवळ कोण?’



ताई


२५ डिसेंबर, संध्याकाळ

मिठू,

हे नीट लिहायचंय, म्हणून आज गोळी घेतली नाही.

सकाळ शांत गेली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, दुकानं बंद, लोक आपापल्या घरात. काकू नवे कपडे घालून येऊन गेल्या, उरलेला केक संपवा म्हणून दम देऊन गेल्या. मी आईचे केस विंचरले. ती म्हणाली, ‘आज चांगलासा लाव.’ मी पडदा ओढला.

लवकरच मिळाला. बर्फाचा सिनेमा. एक मुलगी बऱ्याच वर्षांनी गावी येते, स्टेशनवर कुणी घ्यायला नाही, बॅग ओढत चालत घरापर्यंत. तोपर्यंत ती एक शब्द बोलत नाही, म्हणून मला वाटलं आई पुढे जायला सांगेल. तिने सांगितलं नाही. मी सांगत होते, ‘आता फाटकापाशी आली. आता दार वाजवतेय. आईने दार उघडलं. दोघी बघतायत एकमेकींकडे.’

आणि तू म्हणालीस, ‘आई, मी आत येऊ?’

एवढंच वाक्य. त्याच्या पाठोपाठ ते रडणं. तुला आठवतं का तू ते कसं केलंस? इतर सिनेमांत तू रडतेस ते मला ठाऊक झालंय, छान भरून रडतेस, ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. हे तसलं नव्हतं. आधी एक आवंढा. मग नाकातून बारीकसा आवाज. मग काहीच नाही, आणि त्या काहीच नसण्यात तू श्वास धरून ठेवलायस हे कळत होतं.

आई सरळ बसली. ‘मागे घे,’ म्हणाली.

मी मागे घेतलं. पुन्हा, ‘आई, मी आत येऊ?’ पुन्हा तो आवंढा.

‘अजून एकदा.’

किती वेळा घेतलं ते विचारू नकोस. बॅग ओढत ती मुलगी फाटकातून येत राहिली, मी रिमोटचं बटण दाबत राहिले. शेवटी आई म्हणाली, ‘हे कुणी शिकवलेलं नाही. मी तर नाहीच नाही. मी रागावले की ती कपाटामागे जाऊन असंच रडायची. तिला वाटायचं स्वयंपाकघरात ऐकू येत नाही.’

तुझं नाव तिने घेतलं नाही. पण ‘ती’ म्हणाली, इतक्या वर्षांनी.

सिनेमा कुठल्या साली निघाला ते तिथे खाली लिहिलेलं असतं. मी बघितलं. बाबा गेले त्याच्या पुढच्याच वर्षीचा. मी एकदाच तुझी ती खोली पाहिलीय, भिंतींना स्पंज लावलेली, तू चपला बाहेर काढून, कानाला हेडफोन लावून एकटी उभी राहतेस ती. म्हणजे आमच्या दारात जे रडू दिलं नाही, ते तू तिथे जाऊन, अनवाणी, एका परक्या बाईच्या तोंडात रडलीस. मला साल आईला सांगायचं नव्हतं. तिने विचारलं, ‘कधीचा आहे?’ मी सांगितलं.



‘दारात असंच रडत होती,’ म्हणाली. ‘हाच आवाज होता. मला कळला होता. तरी मी बोलले.’

मिठू, ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने चष्मा काढला आणि पुसायला पदर शोधत राहिली, तो मांडीवरच होता.

मग म्हणाली, ‘पुढे काय म्हणते ती आई? दारातली?’

मी पुढे जाऊ दिलं. सिनेमातली आई म्हणते, ‘आता काय हवंय तुला?’ आणि दार लावते. पुढचा सगळा सिनेमा ते दार उघडण्याचाच आहे, पण आपल्या आईला तेवढा धीर कुठला.

‘शब्द गिळते ही बाई,’ ती म्हणाली. ‘काढून टाक तिला. मागे घे. माझ्या लेकीचं बोलणं झालं की तिथेच थांबव.’

मी थांबवलं. पडद्यावर ती म्हातारी दाराला धरून उभी, तोंड किंचित उघडं. खोलीत आवाज नाही. आईने पाय खाली घेतले, पाठ ताठ केली. मला वाटलं आता शाळेच्या हॉलमधला तिचा तो आवाज येणार, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. पण ती अगदी हळू, समोर कुणी हातभरावर उभं असल्यासारखं म्हणाली,

‘ये. विचारतेस काय.’

मी तिच्याकडे बघत बसले. ती टीव्हीच्या दिशेने बघत होती, पण जरा चुकीच्या बाजूला, खिडकीकडे.

थोड्या वेळाने तिने माझा गुडघा चाचपडला.

‘बसलं का गं ओठांवर?’

पडद्यावरच्या बाईचे ओठ हलतच नव्हते, मिठू. मी म्हटलं, ‘बसलं.’

ताई


२७ डिसेंबर

मिठू,

आता पोस्टातली गर्दी ओसरलीय. काकू बाजारात जाणार आहेत, पाकीट त्यांच्याकडे देते. ते द्यायच्या आधी आईला विचारलं, मिठूला पत्र पाठवतेय, काही लिहायचंय का? सरळ नावच घेतलं मी. ती म्हणाली, ‘माझं मी बोलेन. तू तुझं लिही.’

म्हणून माझं लिहिते. ऑपरेशन बारा तारखेला आहे. दोन दिवस आधी आलीस तर तुला घरातलं दाखवता येईल. आईजवळ काकू राहतील, तसं ठरलंय. तू माझ्याजवळ बस. शुद्धीवर येताना मला कुणाचातरी आवाज ऐकू यायला हवा आणि तो काकूंचा नको, त्या फार मोठ्याने देवाचं नाव घेतात. पलंगाशेजारी बसून काहीही बोल. खारीचं बोललीस तरी चालेल, टाके दुखतील एवढंच.

नाही आलीस तर मी समजून घेईन असं लिहिणार होते. लिहीत नाही. समजून घ्यायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. ये.

आणि एक. दारात उभी राहिलीस की बेल वाजवू नकोस. तोच प्रश्न विचार, सिनेमात विचारलास तसाच, तेवढ्याच शब्दांत. तिचं उत्तर तयार आहे. परवापासून घोळवतेय ती ते. चहा पिताना म्हणते, मी बटणं लावत असताना म्हणते. काल आंघोळीत म्हणाली, ‘“ये” जरा वर जातोय का गं?’ मी म्हटलं, नाही, बरोबर आहे. तर म्हणाली, ‘तुला काय कळतं,’ आणि पुन्हा म्हटलं. आज सकाळी ‘विचारतेस काय’ मधला ‘काय’ काढून बघितला, मग परत घातला.

तू तिची विद्यार्थिनी आहेस, तुला कळेल मी काय सांगतेय. लवकर निघ. फार तालमी झाल्या की वाक्य मरतं.

ताई